ओळंबा कुठे पडतो?

या प्रकरणाचं साहित्य ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्याही स्वयंपाकघरात सापडेल. एक बटाटा, दोन सारखे स्टीलचे काटे, दात कोरायची एक लाकडी काडी आणि काचेचा पेला. काटे जरा वजनदार हवेत. पार्सलबरोबर येणारे प्लास्टिकचे काटे इथे कामाचे नाहीत.

बटाट्याचा लिंबाएवढा तुकडा कापा. त्याच्या एका बाजूला काडी अर्धी खुपसा, अर्धी बाहेर राहू द्या. आता दोन्ही काटे तुकड्याच्या डाव्या-उजव्या अंगात टोचायचे आहेत. टोचताना त्यांचे दांडे खाली झुकलेले आणि काडीच्या मोकळ्या टोकाच्या दिशेने पुढे आलेले असू द्या. मग काडीचं मोकळं टोक पेल्याच्या काठावर टेकवा. बटाटा पेल्याच्या बाहेर अधांतरी राहील आणि काट्यांचे दांडे पेल्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतील. काडी थोडी मागेपुढे सरकवून पाहा. एका जागी हात सोडला, तरी काहीच पडत नाही. बोटाने हलकेच ढकललं तर सगळा डोलारा झुलतो आणि परत जागेवर येतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, इतकं वजन एका काडीच्या टोकावर, तेही पेल्याच्या बाहेर, राहतं कसं? पण वजन पेल्याच्या बाहेर नाहीच. बटाटा बाहेर आहे हे खरं, मात्र काट्यांचे जड दांडे आत आले आहेत. सगळ्याचं मिळून वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येतं, तो बिंदू काठाच्या बरोबर खाली हवेत आहे. त्यालाच गुरुत्वमध्य म्हणतात. त्या ठिकाणी बटाटा नाही, स्टील नाही, लाकूड नाही, काहीच नाही. गुरुत्वमध्य वस्तूच्या आतच असला पाहिजे असा नियम नाही. बांगडीचा गुरुत्वमध्य तिच्या पोकळीतच असतो. मुलांना हे पटवायला वेळ लागतो. खरं तर मोठ्यांनाही लागतो, ते फक्त विचारत नाहीत.

आधार वर आणि गुरुत्वमध्य त्याच्या खाली असला की वस्तू ढकलल्यावर गुरुत्वमध्य किंचित वर चढतो. वजनाला खाली जायचं असतं, म्हणून ते त्याला पुन्हा खाली आणतं. हे स्थिर संतुलन. मोठ्यांपैकी कोणी शेजारी असेल तर काडीचं आतलं, म्हणजे पेल्याच्या पोटात आलेलं टोक पेटवून पाहा. ज्योत काठापर्यंत येते आणि विझते, कारण काच तिची उष्णता ओढून घेते. काडीचा तेवढा भाग जळून जातो, पण संतुलन ढळत नाही. जळालेल्या भागाचं वजन नगण्य होतं.

आता तो अदृश्य बिंदू शोधायचा कसा? त्यासाठी गवंड्याचं एक हत्यार उसनं घेऊ, ओळंबा. दोरीला बांधलेलं वजन, एवढंच. भिंत सरळ उभी आहे की नाही हे तपासायला बांधकामावर त्याचा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. आपल्याला दोऱ्याला बांधलेली एखादी किल्ली पुरे.

मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठाणे जिल्ह्याचा नकाशा छापून चिकटवा आणि सीमेवरून कात्रीने कापा. कडेला एक भोक पाडून तो टाचणीवर मोकळा लटकवा. त्याच टाचणीला किल्लीचा दोरा अडकवा. नकाशा झुलायचा थांबला की दोऱ्याच्या मागे पेन्सिलने रेघ ओढा. मग दुसऱ्या कडेला भोक पाडून तेच करा. दोन रेघा जिथे छेदतील तो गुरुत्वमध्य. तिसरी रेघ ओढलीत तर तीही तिथूनच गेली पाहिजे. गेली नाही तर भोक घट्ट झालं आहे, पुठ्ठा टाचणीवर अडकतो आहे. लटकलेली वस्तू गुरुत्वमध्य जितका खाली जाईल तितका नेते, आणि तो टाचणीच्या थेट खाली आल्यावरच थांबते. म्हणून हा उपाय चुकत नाही.

नकाशावर उत्तर काय येतं ते तुम्हीच पाहा. ठाणे शहरात मात्र ते येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शहर जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे आणि जिल्ह्याचा खरा विस्तार शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, पूर्वेकडे आहे. आणखी एक करता येईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. आधी जिल्ह्यात १५ तालुके होते, आता ७ आहेत. त्याआधीचा नकाशाही कापून लटकवा. तलासरी, डहाणू, जव्हारसकट वायव्येचा सगळा भाग गेल्याने गुरुत्वमध्य आग्नेयेकडे सरकलेला दिसेल. मंत्रालयातून निघालेल्या एका आदेशाचा परिणाम टाचणी आणि दोऱ्याने मोजता येतो, ही गोष्ट मला फार आवडते.

शहापूरचा उल्लेख आला आहे तर एक आडवळण. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं याच तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी चालतात. या विसंगतीवर वेगळं पुस्तक होईल. आपल्यापुरती गोष्ट अशी की हंडा डोक्यावर घेतला तर ओझ्याचा ओळंबा थेट दोन पावलांच्या मध्ये पडतो, आणि पाठ सरळ ठेवता येते. तोच हंडा कमरेवर घेतला तर ओझं एका बाजूला जातं, म्हणून शरीर दुसऱ्या बाजूला वाकवावं लागतं. डोक्यावर हंडा घेतल्याने गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे पुस्तकी नियमाने तोल कमी झाला पाहिजे. तरीही अनुभव उलट सांगतो. गुरुत्वमध्य किती उंच आहे हा दुसरा प्रश्न. त्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडतो की बाहेर, हा पहिला.

पाया म्हणजे जमिनीला टेकलेल्या भागांभोवती ताणून गुंडाळलेल्या दोऱ्याच्या आतली सगळी जागा. दोन पावलांवर उभ्या माणसाचा पाया म्हणजे दोन पावलं आणि त्यांच्यामधली मोकळी जागाही. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली, ओटीपोटाच्या आत, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. आता भिंतीला टाचा आणि पाठ चिकटवून उभे राहा आणि गुडघे न वाकवता समोर पडलेला रुमाल उचला. जमणार नाही. एरवी पुढे वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो, म्हणून ओळंबा पावलांवर राहतो. भिंत कंबरेला मागे जाऊ देत नाही. खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाच्या कपाळावर एकच बोट टेकवा आणि उठायला सांगा. तो उठू शकत नाही, कारण उठण्याआधी डोकं आणि छाती पुढे नेऊन ओळंबा पावलांवर आणावा लागतो, आणि तुमचं बोट नेमकं तेवढंच अडवतं. घरातल्या आडदांड काकांवर हा प्रयोग अवश्य करा.

शरीराचा ओळंबा सगळ्यात जास्त पणाला लागतो तो डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये. उभं राहून जाणारा मुरलेला प्रवासी पाय जवळ ठेवून गाडीच्या तोंडाकडे बघत उभा राहत नाही. तो बाजूच्या खिडकीकडे तोंड करतो आणि पाय फाकवतो, म्हणजे एक पाय पुढच्या डब्याच्या बाजूला, एक मागच्या. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. समजा, गाडीने ब्रेक लावला आणि तिचा वेग दर सेकंदाला सेकंदी १ मीटरने कमी होऊ लागला. त्या काळापुरती डब्यातली ‘खाली’ ही दिशाच बदलते, आणि सुमारे ६ अंशांनी पुढे झुकते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर असेल, तर ओळंबा जवळजवळ १० सेंटिमीटर पुढे सरकतो. पाय प्रवासाच्या दिशेने ४० सेंटिमीटर फाकवलेले असतील तर एवढ्याने काही बिघडत नाही. पाय जुळलेले असतील तर शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. पटत नसेल तर छताला टांगलेल्या कड्यांकडे बघा. मोटरमनने ब्रेक लावला की त्या सगळ्या एकाच वेळी एकाच कोनात झुकतात. डबाभर ओळंबेच लटकलेले असतात.

दारात उभ्या माणसाचं गणित वेगळं. शरीर दाराबाहेर झुकलं की ओळंबा पायाच्या बाहेर पडतो, आणि मग त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, दांडीवरची मूठ. पाठीवरची सॅक गुरुत्वमध्य आणखी बाहेर नेते. वळणावर गाडी आत वळते आणि डब्यातल्या माणसाची ‘खाली’ बाहेरच्या बाजूला झुकते, म्हणून त्याच मुठीवरचा ताण वाढतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही दगावले. दारात लोक हौसेने लटकतात असं म्हणणाऱ्याने एकदा सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर येऊन आत जागा करून दाखवावी. त्या अपघातानंतर रेल्वेने वातानुकूलित नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचं जाहीर केलं. बंद दार म्हणजे ओळंबा बाहेर जाऊच न देणारी भिंत. मुठीच्या भरवशावर उभं राहण्यापेक्षा हा उपाय शंभर पटीने बरा.

आणि आता ठाण्याचा खास विषय, दहीहंडी. टेंभी नाक्यावरच्या आनंद दिघे यांच्या हंडीने ठाण्याला या खेळात नाव मिळवून दिलं. पुढे वर्तकनगरची हंडीही गाजू लागली. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात ९ थर लावले, उंची ४३.७९ फूट, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगरच्या पथकाने १० थर रचले. ४३.७९ फूट म्हणजे सुमारे १३.३५ मीटर. नवाने भागलं तर एका थराच्या वाट्याला दीड मीटरहून थोडी कमी उंची येते, म्हणजे उभ्या माणसाच्या खांद्याएवढी. आकडा चोख जुळतो.

कागदावर सात थरांची एक हंडी उभारू. खालून वर १६, ९, ६, ४, २, १, १ अशी ३९ माणसं धरा. प्रत्यक्षात खालच्या थराभोवती याहून कितीतरी जास्त माणसं बिलगलेली असतात, ती सध्या सोडून देऊ. सगळ्यांचं वजन सारखं माना. प्रत्येक थराने उंची १.४ मीटरने वाढते आणि प्रत्येकाचा गुरुत्वमध्य त्याच्या पावलांपासून ०.९ मीटरवर आहे असं समजा. बेरीज-भागाकार केला की संपूर्ण हंडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पावणेतीन मीटरवर येतो. हंडीची उंची मात्र जवळजवळ १० मीटर! बहुतेक माणसं खालीच आहेत, म्हणून वजनही खालीच आहे. सातच माणसं एकावर एक अशी एकेरी उभी केली असती, तर गुरुत्वमध्य पाच मीटरच्या वर गेला असता आणि पाया एका माणसाच्या पावलांएवढा राहिला असता.

या हिशोबाने हंडी अगदी भक्कम वाटते. मग थर कोसळतात कसे?

कारण हा हिशोब एकाच ओळंब्याचा आहे, आणि हंडीत तो प्रत्येक थराला वेगळा टाकावा लागतो. तिसऱ्या थराच्या खांद्यांवर उभ्या असलेल्या सगळ्यांचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो. त्याचा ओळंबा तिसऱ्या थराच्या खांद्यांनी घेरलेल्या जागेत पडला पाहिजे. चौथ्याच्या वरच्यांचा चौथ्याच्या खांद्यांत, पाचव्याच्या वरच्यांचा पाचव्याच्या. वर जावं तसा पाया आकसत जातो. एका-एका माणसाच्या वरच्या थरांना पथकं ‘एक्का’ म्हणतात. त्यातल्या खालच्या एक्क्याचं वजन ५० किलो आणि त्याच्या अंगावर चढणाऱ्या मुलाचं ३५ किलो धरू. चढताना मुलगा बाजूला, मधल्या रेषेपासून ३० सेंटिमीटरवर लटकलेला असतो. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे १२ सेंटिमीटर सरकतो. खालच्याची पावलं २५ सेंटिमीटर लांब असतील, तर मध्यापासून कडेपर्यंत त्याच्याकडे साडेबारा सेंटिमीटरच आहेत! म्हणूनच तो उलट्या बाजूला अंग झुकवतो आणि ओळंबा परत मध्यावर खेचतो. संपूर्ण हंडीच्या गणितात मात्र त्या चढणाऱ्या मुलामुळे गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरही सरकत नाही. खाली छातीला छाती लावून उभ्या असलेल्यांना जे जाणवतही नाही, तेच वरच्यासाठी सर्वस्व असतं.

पथकांनी हे गणित कागदावर मांडलेलं नाही, पण त्यांची सगळी शिस्त त्यातूनच आली आहे. थरातले लोक एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवतात, त्यामुळे सुट्या पावलांचे पाये जुळून एकच मोठं कडं तयार होतं. वरचे गोविंदा आधी बसून राहतात आणि मग एकेक करून उभे राहतात. चढण्याची धांदल सुरू असताना गुरुत्वमध्य खाली राहावा, हा त्यातला फायदा. चढणारा कोणत्या बाजूने जाणार हेही सरावात ठरलेलं असतं, म्हणजे खालच्यांना कुठे झुकायचं ते आधीच कळतं. एवढं करूनही थर कोसळतात, आणि वरून पडणाऱ्याला जमीन दया दाखवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीवर २० फुटांची आणि वयावर १८ वर्षांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायचं नाही, असं ठरलं. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. माझं मत विचाराल तर वरच्या एक्क्याला सुरक्षादोर नसलेली हंडी लागूच देऊ नये. दोर संतुलनाला मदत करत नाही, पण संतुलन गेल्यानंतर तोच एक कामाला येतो.

स्पेनमधल्या कातालोनियात असाच खेळ आहे. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या विलाफ्रांकाच्या पथकाने १९९८ मध्येच १० थर लावले होते. त्यांच्याकडेही खालच्या थराभोवती शेकडो माणसं बिलगतात. ती गर्दी पाया रुंद करते आणि पडणाऱ्याला झेलतेही. दोन टोकांच्या दोन गावांना एकच उत्तर सापडलं, यात नवल नाही. प्रश्न गुरुत्वाकर्षणाने घातलेला होता.

आतापर्यंत सगळं वजन खाली ठेवण्याबद्दल चाललं होतं. आता उलटी गंमत. तळहातावर पेन्सिल टोकावर उभी करायचा प्रयत्न करा. मग लांब दांड्याचा झाडू घ्या, दांड्याचं टोक तळहातावर आणि जड बाजू वर. पेन्सिल एक क्षणही उभी राहत नाही. झाडू राहतो, तोही वजन वर असताना! इथे पाया जवळजवळ शून्य आहे, म्हणजे पडायचं ठरलेलंच आहे. प्रश्न फक्त किती सावकाश, हा. १८ सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा कल ०.११ सेकंदात सुमारे पावणेतीनपट होतो. एक मीटरच्या काठीला त्यासाठी ०.२६ सेकंद लागतात, दोन मीटरच्या काठीला ०.३७. टोकाला वजन बांधलं तर हा काळ आणखी वाढतो. जड, उंचावरची वस्तू फिरायला आळशी असते, आणि दोन मीटरच्या हलक्या काठीच्या टोकाला तांब्या असेल तर हा काळ ०.४५ सेकंदाच्या आसपास जातो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पेन्सिल तुमच्या हाताच्या आधी पडते. काठी तुम्हाला वेळ देते.

डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला शोभायात्रा निघते. पुढच्या पाडव्याला फडके रोडवर गेलात तर उंच काठ्यांवरचे ध्वज नाचवणाऱ्यांची मनगटं नीट पाहा. ते काठी सरळ ठेवत नाहीत. ती जिकडे पडू लागते तिकडे हात नेऊन ते तिचा पाया सारखा तिच्या ओळंब्याखाली सरकवत असतात. घरी झाडूने तेच करून बघा. नजर तळहातावर ठेवू नका, वरच्या टोकावर ठेवा. कल सगळ्यात आधी तिथेच दिसतो.